जिवंत अस्तराचा आकडा

आपण जेवतो तेव्हा अन्न पोटात जाते, पण काटेकोरपणे पाहिले तर ते अजून शरीरात गेलेले नसते. पचनमार्ग ही शरीराच्या आरपार गेलेली एक लांब पोकळी आहे आणि तिच्यातला घास बाहेरच्या जगाचाच भाग असतो. आत यायचे तर त्याला लहान आतड्याचे जेमतेम एका पेशीच्या जाडीचे अस्तर ओलांडावे लागते. मूत्रपिंडाच्या नलिका, फुप्फुसातले वायुकोश, मेंदूतल्या केशवाहिन्या या सगळ्यांना असेच एकेरी अस्तर असते. काय आत घ्यायचे, काय बाहेर ठेवायचे आणि काय मोजूनमापून सोडायचे, हे ही अस्तरे ठरवतात. गोळीतले औषध रक्तात उतरते की नाही, जंतूचे विष आतड्यातून झिरपते की नाही, गाठीवरचे औषध मेंदूपर्यंत पोचते की नाही, असले सगळे प्रश्न शेवटी या पातळ थरापाशी येऊन थांबतात.

काचपट्टीएवढ्या चिपवर अशी अस्तरे जिवंत वाढवायची आणि त्यांच्यातून अगदी क्षीण वीज सोडून ती शाबूत आहेत की नाहीत यावर लक्ष ठेवायचे, हा या संग्रहातल्या लेखांचा विषय आहे. पेशीविज्ञान, विद्युतशास्त्र आणि सूक्ष्मवाहिन्यांची कारागिरी अशा तीन विद्या इथे एकत्र येतात. वाचणारा एका बाजूने तयारीचा असला तरी उरलेल्या दोन बाजूंना अडखळतो. त्याची वाट थोडी सोपी करावी, हा या प्रस्तावनेचा एक हेतू. दुसरा हेतू जरा आग्रहाचा आहे. विजेने मिळणारा आकडा मोठा म्हणजे अस्तर चांगले, असा समज या क्षेत्रात खोलवर रुजला आहे आणि त्याने भल्याभल्यांना चकवले आहे. हा आकडा फार मोलाचा आहे, पण त्याचा ताळा पाहिल्याशिवाय तो मान्य करू नये, हे मला वाचकाच्या मनावर ठसवायचे आहे.

अस्तर अडवते हे विजेच्या आधी रंगाने दाखवले. पॉल एर्लिख यांनी 1885 च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले, तेव्हा सगळी इंद्रिये रंगली आणि मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूला रंगाचे आकर्षण कमी असावे, असा अर्थ त्यांनी लावला. त्यांचेच सहकारी एडविन गोल्डमन यांनी 1913 साली प्रयोग उलटा केला. ट्रायपॅन ब्लू हा रंग त्यांनी मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदूला रंगाचे वावडे नव्हते, मधे कोणीतरी अडवत होते. हा अडवणारा नेमका कुठे बसला आहे, हे कळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. 1967 साली रीस आणि कार्नोव्हस्की यांनी उंदरांच्या मेंदूतल्या केशवाहिन्या तपासल्या. रक्तात सोडलेले प्रथिन अस्तराच्या दोन पेशींमधल्या सांध्यापाशी येऊन अडलेले त्यांना दिसले.

हे सांधे त्याआधी चारच वर्षे, 1963 साली, मेरिलिन फार्कर आणि जॉर्ज पलाडे यांनी वर्णिले होते. शेजारच्या पेशींची पटले तिथे एकमेकांना इतकी भिडलेली असतात की मधली फट नाहीशी होते. त्यांना घट्ट सांधे म्हणतात. ते कशाचे बनलेले आहेत याचा शोध क्योटोत शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने घेतला. 1993 मध्ये त्यांना ऑक्लुडिन हे प्रथिन सापडले आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण ऑक्लुडिन काढून टाकलेल्या पेशींतही सांधे जसेच्या तसे तयार होत होते. म्हणून शोध पुढे चालू राहिला आणि 1998 मध्ये क्लॉडिन प्रथिने हाती लागली. सस्तन प्राण्यांत त्यांचे दोन डझनांहून अधिक प्रकार आहेत आणि कोणत्या इंद्रियात कोणते क्लॉडिन आहे त्यावर तिथल्या सांध्याचा स्वभाव ठरतो. क्लॉडिन-1 नसलेली उंदराची पिल्ले जन्मल्यापासून दिवसभरात दगावतात, कारण त्यांच्या कातडीतून पाणी उडून जाते. क्लॉडिन-5 नसलेल्या पिल्लांच्या मेंदूत लहान रेणू शिरतात, मोठे मात्र पूर्वीसारखेच बाहेर राहतात. या दुसऱ्या निरीक्षणाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण अस्तर ‘उघडे’ किंवा ‘बंद’ अशा दोनच अवस्थांत नसते, हे त्यातून कळते.

विजेचा धागा कोपनहेगनमध्ये सुरू होतो. हान्स उसिंग यांनी बेडकाची कातडी दोन कप्प्यांच्या मधे ताणून बसवली आणि दोन्ही बाजूंना सारखेच क्षारयुक्त पाणी भरले. दोन्हीकडे द्रव सारखाच, तरीही कातडीच्या दोन बाजूंत विद्युतदाब दिसत होता. हा दाब शून्यावर आणायला बाहेरून जितकी वीज द्यावी लागली, तितकीच ती कातडी स्वतः सोडियम आत ओढून निर्माण करत होती. झेरान यांच्यासोबतचा त्यांचा हा निबंध 1951 चा. किरणोत्सारी सोडियमची ये-जा मोजून त्यांनी विजेच्या हिशेबाचा ताळा जमवला, आणि मला उसिंग यांचे मोठेपण इथेच दिसते. नुसत्या विद्युतमापनावर ते विसंबले नाहीत, आयन प्रत्यक्ष मोजून त्यांनी त्याची खातरजमा केली. त्यांच्या नावाचा कक्ष आजही वापरात आहे.

त्याच शहरात 1982 साली क्रोन आणि ओलेसन यांनी बेडकाच्या मेंदूच्या पृष्ठभागावरच्या जिवंत केशवाहिन्यांचा रोध मोजला. तो सरासरी 1870 ओहम-चौरस सेंटीमीटर भरला. मेंदूतल्या रक्तवाहिनीचे अस्तर विजेलाही किती अडवते, हे त्यातून पहिल्यांदा आकड्यात उतरले. रक्त-मेंदू अडसराची प्रतिकृती करणारे अनेक जण आजही हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवतात.

इथे एककाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण विद्यार्थी हमखास गोंधळतात. अस्तराचे क्षेत्रफळ दुप्पट झाले की विजेला वाटा दुप्पट होतात आणि रोध निम्मा होतो. वेगवेगळ्या आकारांच्या अस्तरांची तुलना करायची तर मोजलेल्या रोधाला क्षेत्रफळाने गुणावे लागते, भागायचे नसते. म्हणून एकक ओहम-चौरस सेंटीमीटर. या गुणाकारात एक गृहीत दडलेले आहे: वीज सगळ्या क्षेत्रफळातून सारखीच वाहते. ते गृहीत कधी मोडते, हे पुढे चिपपाशी आल्यावर दिसेल.

कातडी किंवा आतड्याचा तुकडा कक्षात काही तासच तग धरतो. पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचेच अस्तर तयार करता आले तर प्रयोग आठवडेच्या आठवडे चालवता येतात. कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मॅडिन आणि डार्बी यांनी 1958 मध्ये मिळवलेल्या, त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या एमडीसीके पेशी यासाठी पुढे आल्या. मार्सेलिनो सेरेहिदो आणि सहकाऱ्यांनी 1978 साली त्या झिरपणाऱ्या आधारावर वाढवल्या आणि त्या एकमेकींना सांधून एकसंध अस्तर करतात, हे विजेने दाखवले. द्रवातले कॅल्शियम काढून घेतले की सांधे सुटतात आणि रोध कोसळतो, कॅल्शियम परत दिले की तो पुन्हा चढतो. मानवी आतड्यासाठी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या कॅको-2 पेशी रूढ झाल्या. 1989 च्या हिडाल्गो, राउब आणि बोर्चर्ट यांच्या निबंधानंतर औषधकंपन्यांनी त्या उचलून धरल्या. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संग्रहातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे असे वाण पुरवले जातात, तेव्हा हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही.

रोजचे मोजमाप कसे चालते तेही जवळून पाहू. प्लास्टिकच्या ताटलीत बारा किंवा चोवीस खळगे असतात आणि प्रत्येकात बारीक छिद्रांचा तळ असलेली एक छोटी वाटी लटकत असते. त्या तळावर पेशी पेरतात. कॅको-2 पेशींना पूर्ण तयार व्हायला साधारण एकवीस दिवस लागतात. ताटली 37 अंशांच्या इन्क्युबेटरमधून बाहेर काढायची, अल्कोहोलने पुसलेला दोन टोकांचा इलेक्ट्रोड घ्यायचा, आखूड टोक वाटीत आणि लांब टोक बाहेरच्या द्रवात बुडवायचे आणि यंत्रावरचा आकडा टिपायचा. अस्तरापारच्या विद्युतरोधाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप टीअर, म्हणून प्रयोगशाळेतल्या बोलीत याला ‘टीअर घेणे’ म्हणतात. समजा आकडा 520 ओहम आला आणि पेशी नसलेली कोरी वाटी 120 ओहम दाखवते. फरक 400. वाटीचे क्षेत्रफळ 1.12 चौरस सेंटीमीटर असेल तर अस्तराचा रोध 448 ओहम-चौरस सेंटीमीटर. गणित शाळकरी आहे, हात मात्र सरावाचा लागतो. इलेक्ट्रोड किंचित तिरका झाला की आकडा हलतो. ताटली बाहेर राहून गार होऊ लागली की आकडा चढतो, कारण गार द्रवातून वीज कमी वाहते. दोन विद्यार्थ्यांनी एकाच ताटलीवर घेतलेले आकडे जुळले नाहीत तर दोष पेशींच्या माथी मारण्याआधी घड्याळ आणि थर्मामीटर पाहावा.

या मापनात वीज उलटसुलट दिशेने सोडतात. रूढ यंत्रांत ती सेकंदाला साडेबारा आवर्तने करते. एकाच दिशेने वीज सोडत राहिले तर इलेक्ट्रोड झिजतात, द्रवात नको त्या रासायनिक क्रिया होतात आणि पेशींना इजा पोचते. उलटसुलट प्रवाहाचा आणखी एक मोठा उपयोग आहे आणि तो दाखवणारा माणूस मूळचा जीवशास्त्रातला नव्हता. अतिवाहकांतील टनेलिंगवरच्या प्रयोगांसाठी 1973 चे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्यांना विभागून मिळाले, त्या आयव्हर जेव्हर यांनी चार्ल्स कीस यांच्यासोबत 1984 मध्ये पेशी थेट सोन्याच्या इलेक्ट्रोडवरच वाढवल्या. पेशी पसरल्या, हलल्या, मेल्या, की इम्पीडन्स, म्हणजे उलटसुलट विजेला होणारा एकूण अडथळा, बदलत असे. इलेक्ट्रोड पुरेसा लहान असेल तर मूठभर पेशींची हालचालही विजेत उमटते, हा धडा त्यांनी दिला. आजच्या चिपचे विद्युतशास्त्र बरेचसे त्यावर उभे आहे.

मग चिप कशासाठी? ताटलीतली पेशी साचलेल्या पाण्यात जगते. शरीरातली पेशी वाहत्या द्रवाखाली असते, ताणली जाते, सैलावते, आणि तिच्या पलीकडच्या अंगाला दुसऱ्या जातीच्या पेशी असतात. 2010 साली हार्वर्डच्या वीस (Wyss) संस्थेतून डोंगयून हू, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये चिपवरचे फुप्फुस मांडले. सिलिकॉन रबराच्या एका ठोकळ्यात एकावर एक दोन वाहिन्या आणि मधे सच्छिद्र पातळ पडदा, अशी ती रचना होती. वरच्या बाजूला वायुकोशाच्या पेशी आणि हवा, खालच्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. दोन्ही कडांच्या पोकळ्यांतली हवा लयीत ओढली की पडदा श्वासासारखा ताणला जाई. दोन वर्षांनी त्याच संस्थेतून चिपवरचे आतडे आले. ताशी 30 मायक्रोलिटर इतका मंद प्रवाह आणि आतड्याच्या हालचालीसारखा हलका ताण मिळाल्यावर त्याच जुन्या कॅको-2 पेशींनी सपाट थर सोडून रसांकुरांसारख्या घड्या घातल्या. तीच पेशी, फक्त तिला वाहते पाणी आणि व्यायाम मिळाला.

अशी चिप बनवणे फार खर्चाचे नाही. साच्यावर सिलिकॉन रबराचे दोन घटक दहास एक या प्रमाणात कालवून ओततात, निर्वातात त्यातले बुडबुडे काढतात, भट्टीत घट्ट करतात आणि प्लाझ्माने काचेला चिकटवतात. कष्ट पुढे असतात. जेमतेम 100 मायक्रोमीटर उंचीच्या वाहिनीत हवेचा एक बुडबुडा अडकला की पेशी वाळतात आणि वीज तुटते. चिपवर काम करणाऱ्यांचा निम्मा जीव बुडबुडे हुसकण्यात जातो. हे रबर तेलकट स्वभावाचे औषधी रेणू शोषूनही घेते. पेशींना दिलेला डोस आणि बाटलीतला डोस मग वेगळे पडतात आणि विजेचा आलेख नीट दिसत असला तरी निष्कर्ष चुकू शकतो.

आता मुख्य मुद्दा. ताटलीतले मोजमाप जसेच्या तसे चिपवर आणले की ते बिघडते. का, ते आकड्यांत पाहू. एक मिलिमीटर रुंद आणि 100 मायक्रोमीटर उंच वाहिनी घ्या आणि इलेक्ट्रोड पेशींपासून एक सेंटीमीटर दूर आहे असे धरा. पेशींच्या पोषक द्रवाची रोधकता साधारण 70 ओहम-सेंटीमीटर असते. तेवढ्या सेंटीमीटरभर द्रवाचाच रोध 70,000 ओहम होतो. अस्तराचे क्षेत्रफळ 0.1 चौरस सेंटीमीटर आणि त्याचा रोध 500 ओहम-चौरस सेंटीमीटर असेल, तर प्रत्यक्ष अस्तराचा वाटा फक्त 5,000 ओहम. म्हणजे वजनकाट्यावर टेम्पो उभा करून त्यातल्या एका पोत्याचे वजन काढायचे, असा हा प्रकार आहे. रिकाम्या टेम्पोचे वजन पक्के माहीत असेल तर तेही जमते. पण द्रवाचा रोध अंशामागे साधारण दोन टक्क्यांनी बदलतो. एका अंशाच्या फरकाने 1,400 ओहम इकडचे तिकडे होतात आणि अस्तराच्या आकड्यात चौथ्या हिश्श्याहून मोठी चूक शिरते. पेशींना काहीही झालेले नसते, फक्त कोणीतरी इन्क्युबेटरचे दार उघडलेले असते.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. वाहिनी लांब आणि अरुंद असल्यामुळे वीज अस्तराच्या सगळ्या लांबीतून सारखी पार होत नाही. इलेक्ट्रोडच्या जवळच्या भागातून जास्त जाते, लांबच्या भागातून कमी. तरीही हिशेब करणारा आकड्याला पूर्ण क्षेत्रफळाने गुणतो आणि रोध आहे त्यापेक्षा फुगून दिसतो. मघाशी सांगितलेले गृहीत इथे मोडते. एकाच जातीच्या पेशींचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले आकडे मुळीच जुळत नाहीत, ही तक्रार बरीच वर्षे होती. मात्यू ओडेक आणि सहकाऱ्यांनी 2015 साली चिपचे गणिती प्रारूप मांडून या तफावतीचे मूळ चिपच्या आकारात असल्याचे दाखवले. त्याच निबंधातले दुसरे निरीक्षण तर प्रत्येक विद्यार्थ्याने टेबलासमोर लावून ठेवावे असे आहे: अस्तरात अवघी 0.4 टक्के जागा उघडी राहिली तरी रोध सुमारे 80 टक्क्यांनी घसरू शकतो. म्हणजे हे मापन फटींच्या बाबतीत कमालीचे हळवे आहे, पण नेमके कुठे पाणी मुरते आहे, ते सांगत नाही. एका कोपऱ्यात पेशी गळल्या की सगळेच सांधे सैल झाले, दोन्हींचा आकडा सारखाच येऊ शकतो. निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच करावा लागतो.

यावर उपाय निघाले आहेत आणि पुढच्या लेखांत ते तपशिलाने येतील. एक म्हणजे चार इलेक्ट्रोड वापरणे. दोन वीज सोडतात, उरलेले दोन फक्त दाब वाचतात, त्यामुळे इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरचा अडथळा हिशेबातून वगळला जातो. दुसरा उपाय इलेक्ट्रोड चिपमध्येच, अस्तराच्या थेट वर आणि खाली, सोन्याच्या पातळ लेपाने बसवण्याचा. वीस संस्थेच्या गटाने 2017 मध्ये तशा चिप प्रसिद्ध केल्या. वाहिनीतला लांब पल्ला वाचतो आणि हाताचा कंपही निघून जातो. लेप इतका पातळ ठेवता येतो की त्यातून पेशी दिसत राहतात.

तिसरा उपाय मला सर्वांत आशादायक वाटतो. एकाच वारंवारितेवर न थांबता काही हर्ट्झपासून लाखो हर्ट्झपर्यंत इम्पीडन्स मोजायचा. पेशीपटल हे धारित्र असते, दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक मायक्रोफॅरड धारकतेचे. रोध 500 आणि धारकता एक मायक्रोफॅरड असलेल्या अस्तरात सुमारे 300 हर्ट्झच्या खाली वीज मुख्यतः सांध्यांमधल्या वाटेने जाते, त्यावर ती पटलांतून धारित्रासारखी पार होते आणि फार वरच्या वारंवारितेला उरतो फक्त द्रवाचा रोध. एकाच आलेखातून सांधे, पटले आणि द्रव यांचे हिशेब वेगळे काढता येतात. टेम्पोचे वजन दर वेळी नव्याने मिळते म्हणा ना. पेशींनी घड्या घातल्या की पटलाचे क्षेत्रफळ वाढते आणि धारकता चढते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या फान डेर हेल्म आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये चिपवरच्या आतड्यातली रसांकुरांची वाढ अशी पेशींना धक्का न लावता विजेने टिपली.

इतके सगळे नीट केले, आकडा निर्दोष मिळाला, तरी तो काय सांगतो? फक्त इतकेच की लहान विद्युतभारित आयनांना हे अस्तर किती अडवते. 2001 साली क्योटोच्या गटाने उच्च रोधाच्या एमडीसीके पेशींत क्लॉडिन-2 घातले. सांधे होते तिथेच राहिले, पण रोध दाणकन खाली आला, कारण क्लॉडिन-2 सोडियमसारख्या आयनांना वाट करून देते. आकडा पाहणारा म्हणाला असता, अस्तर फाटले. प्रत्यक्षात अस्तराने फक्त आपली निवड बदलली होती. क्लॉडिन-5 नसलेल्या पिल्लांची गोष्ट इथे आठवावी. म्हणून रोधासोबत ठरावीक आकाराचा चमकणारा रेणू, उदाहरणार्थ फ्लुओरेसिन लावलेला डेक्स्ट्रान, पलीकडे किती पोचतो हेही मोजतात. गोल्डमन यांचा निळा रंग आणि उसिंग यांची वीज, दोन्ही अजून लागतात.

मोठ्या आकड्याचा मोह किती महाग पडू शकतो, याचे ठळक उदाहरण रक्त-मेंदू अडसराच्या संशोधनात आहे. मानवी मूलपेशींपासून मेंदूच्या रक्तवाहिनीचे अस्तर बनवण्याची कृती विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने 2012 मध्ये प्रसिद्ध केली आणि नंतर रेटिनोइक आम्लाची जोड मिळाल्यावर रोध हजारांच्या घरात गेला. बेडकाच्या मेंदूतला आकडा प्रयोगशाळेत गाठता आला, याचा सगळ्यांना आनंद झाला आणि ही कृती जगभर पसरली. 2021 साली ‘पीएनएएस’ या नियतकालिकातल्या निबंधाने आक्षेप घेतला की या पेशींची जनुकीय ओळख रक्तवाहिनीची नाहीच, त्या अभिस्तर पेशींच्या, म्हणजे आतडे-मूत्रपिंडाच्या अस्तरांसारख्या पेशींच्या, कुळातल्या आहेत. त्यावर वाद झाला, उत्तरे आली, सुधारित कृती निघाल्या. पण धडा स्पष्ट आहे. रोध जुळला म्हणजे पेशीची जात जुळली, असे होत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मानवी लहान आतड्याचा रोध 50 ते 100 ओहम-चौरस सेंटीमीटर असल्याचे सांगतात. ते मुद्दामच गळके अस्तर आहे, कारण पाणी आणि क्षार त्याला झपाट्याने शोषायचे असतात. कॅको-2 चा रोध याच्या कितीतरी पट चढतो. हजाराचा आकडा दाखवून आपले आतडे उत्तम जमले असे म्हणणारा संशोधक खऱ्या आतड्यापासून लांबच गेलेला असतो.

मग इतक्या पथ्यांनंतर या आकड्याची मातब्बरी काय उरते? फार उरते. रंग टोचून किंवा पेशी कापून तपासल्या की प्रयोग तिथेच संपतो. वीज मात्र त्याच अस्तराला दर मिनिटाला, आठवडाभर विचारत राहते. औषध दिल्यावर सांधे दहा मिनिटांत सैलावले की दहा तासांत, औषध काढल्यावर ते सावरले की नाही, दुसऱ्या डोसला आधीपेक्षा लवकर ढासळले का, हे दुसऱ्या कोणत्याही साधनाने इतक्या सहज कळत नाही. दोन प्रयोगशाळांतले आकडे ताडून पाहणे धोक्याचे आहे, पण एकाच चिपचा कालचा आणि आजचा आकडा ताडून पाहणे भक्कम पायावर उभे आहे. या मापनाची खरी ताकद काळाच्या आलेखात आहे.

हा विषय आज मराठीत यावा, याला तातडीचे कारणही आहे. अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली आणि पेशींवर आधारलेल्या पद्धतींना जागा दिली. भारतानेही मार्च 2023 मध्ये नव्या औषधांच्या चाचणीविषयीच्या 2019 च्या नियमांत दुरुस्ती करून चिपवरील इंद्रियांसारख्या पद्धती मान्य केल्या. मुंबई-पुणे पट्ट्यात औषधनिर्मितीचे कारखाने आहेत, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत सूक्ष्मवाहिन्यांवर काम करणारे गट आहेत. चिपचे आकडे उद्या परवान्याच्या फायलीत जोडले जातील. ते वाचणारे अधिकारी, काढणारे तंत्रज्ञ आणि शिकवणारे प्राध्यापक इथलेच असतील. फाइल मंजूर करणाऱ्याला ओहमचा आकडा वाचता आला नाही, तर प्राणी वाचतील पण रोगी वाचेलच असे नाही.

विद्यार्थ्यांना म्हणून एवढेच सांगतो. महागड्या यंत्रावाचून अडून बसू नका. ओहमचा नियम, धारित्राचे गणित आणि चिपचा आराखडा हाताशी असेल तर वहीच्या एका पानावर वाहिनीचा रोध काढता येतो. प्रयोगाला हात घालण्याआधी ते पान लिहा, अर्ध्या चुका तिथेच सापडतील. आणि सगळ्याच वाचकांना विनंती, की पुढच्या लेखांत किंवा इतरत्र कुठेही अस्तराच्या रोधाचा आकडा दिसला तर चार गोष्टी शोधा: क्षेत्रफळ किती, तापमान किती, इलेक्ट्रोड कुठे आणि किती, आणि एखादा रेणू पलीकडे सोडून ताळा घेतला का. या चारांपैकी एकही उत्तर गहाळ असेल, तर आकडा कितीही मोठा असो, त्यावर निष्कर्ष उभारू नका. या संग्रहातले लेखही याच कसोटीवर घासून घ्या.